आखाजीच्या सुटीचा अर्ज

हलू नको भाऊ, वस्तरा आहे हातात — हां, तर ओटीपीचं सांगत होतो. तुझा नंबर टाकलाय मी अर्जात. आता तुझ्या फोनवर आकडे येतील, ते मला सांगायचे, की झाली सही. घाबरतोस काय? पोलीसवाले म्हणतात ओटीपी कुणाला सांगू नका — माहितीये, ते पोस्टर माझ्याच दुकानाच्या दारावर चिकटवलंय त्यांनी. पण ते चोराला सांगू नका म्हणतात, दाढी करणाऱ्याला सांगू नका असं कुठं लिहिलंय? आणि खरं सांगू, गळ्याला वस्तरा लागलेला असताना डिंडोलीतला एकही माणूस मला आजवर नाही म्हणालेला नाही. हसू नको, कापेल. इथं रेंजची बोंब आहे, म्हणून वेळ लागतो. येईल. तोवर ऐक.

अर्ज संसदेला. होय, दिल्लीच्या. आपल्या नगरसेवकाला का नाही? अरे, त्याची दाढी मीच करतो, त्याच्यात किती दम आहे ते मला ठाऊक आहे! म्हटलं, मागायचंच तर एकदम वरून मागू. मागणी साधी आहे — आखाजीला सगळ्या देशात पगारी सुटी. तुम्ही अक्षय तृतीया म्हणता ना, ती आमची आखाजी. तुमच्याकडे सोनं घेतात त्या दिवशी, आमच्याकडे खानदेशात लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, खापरावरचे मांडे होतात, आमरस होतो. आता इथं बघ — दिवाळीला सुरत बंद, होळी आली की निम्मे कारागीर गाडीला लटकून गावाला, आणि आखाजीला? आखाजीला भोंगा वाजला की चला कामावर. आम्ही काय कपडा विणत नाही? का आम्हाला लेकी नाहीत?

सह्या पुष्कळ झाल्या — आता खरं कारण विचारशील तर पुरुषांनी पत्त्यांसाठी केल्यात. आखाजीला पत्ते कुटायचे असतात ना आमच्यात, रीतच आहे. अर्जात खाली एक रकाना असतो, तुम्ही सही का करता म्हणून. एकानं लिहिलं, तीन पानांत मागल्या वर्षी गेलेलं परत मिळवायचंय. आता हे खासदार वाचणार! आमच्या वरच्या मजल्यावरच्या धुरपदाबाईंनी लिहायला सांगितलं, माझे गुडघे दुखतात. म्हटलं, काकू, गुडघ्याचा काय संबंध? तर म्हणे, एवढ्या मोठ्या लोकांच्या कानावर जातंय, तर जाऊ दे.

पण त्यातून एक भानगड झाली बघ. आपल्या लोकांचा व्यवहार म्हणजे आहेराचा — तू माझ्या पोरीच्या लग्नात भांडं दिलंस, मी तुझ्या पोरीच्या लग्नात देणार. सहीचंही तेच झालं. लोटूआप्पाच्या, म्हणजे माझ्या, अर्जावर आपण सही केली, आता आप्पानं आपल्या अर्जावर करावी! ज्याचा त्याचा अर्ज. धुरपदाबाईंचा अर्ज — सुनांनी फोनला लॉक लावू नये, संसदेनं कायदा करावा. केली सही. समोरच्या ललितचा अर्ज — तो भजी तळतो ना, तो — केली, वाचतोय कोण? मागून कळलं, त्यात दाढी-कटिंगचे भाव सरकारनं बांधून द्यावेत असं होतं. माझीच सही, माझ्याच पोटावर! ललितला म्हटलं, नालायका. तर तो म्हणतो, आप्पा, आहेर कुणी उघडून बघतं का?

मान इकडं कर. मला? मला पत्त्यांचा नाद नाही. माझं आपलं — पोरगी आहे एक. धनश्री. पलसाण्याला दिली. जवळच की, रिक्षा बदलत गेलं तरी जेवायच्या वेळेला पोचतो माणूस. पण जावई योगेंद्र तिकडं मिलमध्ये, रंगखात्यात. आखाजी आली की फोन — "आप्पा, त्यास्ले सुटी नही भेटनी." मागल्या साली तेच, यंदा तेच. मग आमच्या मंगलाबाई, तिची आई, रडतात. त्या बघ बाहेर बाकड्यावर बसल्यात, मांडीवर तो दोर आहे ना, तो झोक्याचा. खाली पार्किंगमध्ये बांधतात दरवर्षी, आणि दरवर्षी शेजारच्यांच्या पोरी झोके घेतात. मलाही वाईट वाटतं, नाही असं नाही. मी म्हटलं, मी मिलमध्ये येऊन शेठशी बोलतो. तर धनश्री एकदम — नको आप्पा, तुम्ही तिकडं येऊ नका, बरं दिसत नाही. मग काय करणार? दिल्लीच उरली ना.

जावई चांगला आहे हो. लाजाळू आहे जरा. शेवटचा आला होता ना आखाजीला, तेव्हा ह्याच खुर्चीत बसवला त्याला, जावयाचा मान म्हणून. आणि बघतो तर काय, कानामागे जांभळा रंग! मानेवर हिरवा! म्हटलं, अरे, धनश्रीनं नवरा केलाय का बिनधुतलेली साडी? दुकान हसून हसून लोळलं. तोही हसला — म्हणजे आरशात दात दिसले मला. गल्लीतली पोरं अजून त्याला साडीच म्हणतात, प्रेमानं. धनश्री? ती दारातच उभी होती, मांड्यांचं ताट घेऊन. काही बोलली नाही. तिचा स्वभावच तसा... म्हणजे लहानपणी तोंड मिटत नव्हतं तिचं, पण लग्नानंतर पोरी बदलतात. थट्टेचं काय एवढं? माणसानं हसावं की नाही? मी तर सगळ्यांचीच करतो. तुझीही केली असती, ओळख असती तर.

थांब, तुझं कारण लिहायचं राहिलं. सही का करतोस? काय म्हणतोस, फेस पूस आधी — हां, बोल. गरज नाही? गरज नाही म्हणजे काय, तू कुठल्या गावचा? नंदुरबारकडचा! म्हणजे आपलाच की. मग आखाजीला... असतेच? सुटी? कुठं कामाला तू? पलसाण्याला, बरं — हायवेवरची, लाल टाकीवाली का, आमचा जावई असतो ती? ती नसेल, दुसरी असेल. तीच? भाऊ, नीट सांग, ती मिल आखाजीला बंद असते? शेठ स्वतःच बंद ठेवतो — अर्धे कारागीर आपले म्हणून. पण रंगखातं? रंगखातं चालू असेल ना? भट्टीच विझवतात. दरवर्षी.

नाही, काही नाही. योगेंद्र नावाचा... राहू दे, नाही विचारत.

वाजला बघ तुझा फोन. आला ओटीपी. नको, नको सांगू. पोलीसवाले बरोबर सांगतात, कुणाला सांगू नये. ठेव खिशात. आणि हे बघ, बाहेर पडलास की त्या बाई विचारतील, सही केली का. सगळ्यांना विचारतात त्या. हो म्हण. कुठला विचारलं तर डिंडोलीचाच म्हण, पलसाण्याचं नाव काढू नको.

आता गाल फुगव. एक बाजू राहिलीय. बोलू नको.