माप कुणाचं घेतलंस?

...आणि वर मलाच म्हणतात, घाबरतेस कशाला! अहो, घाबरू नको तर काय नाचू? एक बटण दाबायचं, एवढंच काम, पण तीन आठवडे माझं बोट त्या बटणापाशी जायचं आणि परत यायचं, जायचं आणि परत यायचं! भीती वाटते हो मला, खोटं कशाला सांगू!

थांबा, बटण कसलं ते सांगते. मी प्रोटीनचे आकार शोधते. प्रोटीन म्हणजे एक लांबलचक साखळी, ती स्वतःभोवतीच गुंडाळून बसते, आणि तो गुंता नेमका कसा दिसतो ते काढायचं. सहा वर्षं! एकच प्रोटीन! माझ्यानंतर आलेल्या मुली पीएच.डी. होऊन गेल्या, पेढीवर बसल्यासारख्या खुर्चीत बसून मला सल्ले देतात, आणि मी अजून त्याच गुंत्यात. ते प्रोटीन आधी जंतूंकडून बनवून घ्यायचं, मग जंतू फोडायचे, त्यातून आपलं तेवढं गाळून घ्यायचं, त्याचे थेंब ठेवायचे आणि वाट बघायची, स्फटिक होतोय का. चार वर्षं झाला नाही. रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि थेंबात काय? साय!

मग एका सकाळी एका थेंबात ठिपका चमकला. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, तीस वर्षं याच कामात, धावत आल्या, कपाटातून डबी काढली, आणि डबीत काय असेल? मांजरीची मिशी! हसू नका, खरंच मिशी. ती त्या ठिपक्याला लावायची आणि नव्या थेंबातून ओढायची, विरजण लावतात ना, तसं. आठवड्यात सगळ्या थेंबांत स्फटिकच स्फटिक! फक्त एक होतं. प्रोटीन नीट स्वच्छ केलं की स्फटिक यायचे नाहीत. गाळायची एक पायरी सोडली, जरा मळकट ठेवलं, की भराभर! मॅडम म्हणाल्या, "त्याला मळकटच आवडतं गं, राहू दे." मी म्हटलं, राहू दे बाई, पसंत अपनी अपनी. तेव्हा नाही वाटली भीती. जेव्हा वाटायला हवी तेव्हा कुठे जाते कोण जाणे!

मग स्फटिकावर क्ष-किरण सोडले, त्यातून नकाशा मिळाला, पण तो कसा? धुकं! त्या धुक्यात आपली साखळी बसवायची. बसवतेय, तेवढ्यात आमचा संगणकवाला आला. त्याला सगळे ढगोबा म्हणतात, कारण त्याचं सगळं काम कुठल्यातरी ढगात चालतं. बिचाऱ्याने जन्मात थेंब ठेवलेला नाही. त्याने माझ्या साखळीतल्या कड्यांची यादी यंत्राला दिली, चहा प्यायला, आणि म्हणतो, "ताई, आला आकार." दहा मिनिटं हो! माझी सहा वर्षं! आणि सगळा निळाभोर, म्हणजे यंत्राला पुरी खात्री. माझ्या धुक्यात ठेवून पाहिला, तर हातपाय सगळे बाहेर. ढगोबा हळूच म्हणाला, "ताई, तुमचा नकाशा..." मॅडम कडाडल्या, "यंत्र अंदाज करतं! आम्ही स्फटिक पाहिलाय, डोळ्यांनी!" आणि मी दोघांच्या मध्ये, अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. भीती वाटते हो मला, खोटं कशाला सांगू!

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा दीड महिन्यावर. मग काय, बसवली साखळी! इथे दाब, तिथे वाकव, इथे कोंब! आणि उरलं ते बटण. ते दाबलं की तुमचा आकार तपासणीला जातो. अणू एकमेकांवर चढलेत का, साखळी भलतीकडे वळलीय का, मुद्दाम बाजूला लपवून ठेवलेल्या मोजमापांशी जुळतं का, सगळं बघतात आणि एक पट्टी देतात. एक टोक निळं, म्हणजे उत्तम, एक लाल, म्हणजे भिकार. डोळे मिटून दाबलं. उघडले तर... लाल! सगळं लाल! साखळीचे कोपरे असे वळलेले, की माणसाचा हात असता तर प्लास्टर घालावं लागलं असतं.

घरी आले, बाबांपुढे बसले. बाबा शिंपी, चाळीस वर्षं कोट शिवले. रडतरडत सांगितलं, खांदा बसवावा तर बगल फाटते, बगल सांभाळावी तर पाठ ओढते. बाबांच्या तोंडात टाचण्या. त्या एकेक काढल्या, उशीला खोचल्या आणि म्हणाले, "बाळा, एका जागी बिघडलं तर शिवण चुकली. सगळीकडेच बिघडलं तर माप दुसऱ्याचं. हे माप कुणाचं घेतलंस?"

तुम्हाला सांगते, पायाखालची जमीन सरकली! मळकट प्रोटीन... मिशी... अगं बाई! सकाळी तडक प्रयोगशाळेत. स्फटिकात एकच चिमुकली चौकट पुन्हा पुन्हा रचलेली असते, माझ्या स्फटिकातल्या त्या चौकटीची लांबी, रुंदी, उंची, कोन, सगळं आजवरच्या स्फटिकांच्या यादीशी ताडून पाहिलं. एकच उत्तर. जंतूचं स्वतःचं प्रोटीन! घरचं, रोजच्या वापरातलं! वीस वर्षांपूर्वीच कुणीतरी मोजून ठेवलेलं! मळात चिमूटभर राहिलं होतं, आणि मी दोन वर्षं मिशीने त्याचाच वंश वाढवत होते. त्याचा आकार धुक्यात ठेवला, तर असा बसला, जणू बाबांनी शिवलेला. पट्टी? निळी! आयुष्यातली पहिली निळी पट्टी, आणि ती बघून मी ढसाढसा रडले.

मॅडमना सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा पुसला, परत पुसला. म्हणाल्या, "राहू दे असं मीच म्हटलं होतं ना गं." परीक्षा वर्षभर पुढे गेली. मिशीची डबी त्यांनी स्वतःच्या खणात ठेवली, कुलूप लावून.

सहा महिने झाले त्याला. या वेळी एकही पायरी सोडली नाही, प्रोटीन आरशासारखं लख्ख. आणि आज सकाळी... थेंबात ठिपका! मोजायचं नुसतं बटण दाबायचंय, की कळेल, माझं की परत त्या मेल्या जंतूचं. बोट जातंय आणि परत येतंय. शेवटी ढगोबाला हाक मारली, म्हटलं, "तू दाब रे बाबा, मला भीती वाटते." तो आला, वाकला, स्फटिकाकडे बघत राहिला, आणि हात मागे घेऊन म्हणतो, "ताई, हे खरंच तुमचं निघालं, तर माझा अंदाज तपासला जाईल हो!"

तर आता आम्ही दोघं बसलोय थेंबासमोर, हाताची घडी घालून. स्फटिक मात्र मजेत वाढतोय. त्याला कुठे परीक्षा द्यायचीय!