चार खण आणि एक स्वेटर

...नाही, पण मी म्हणतो, कपाट माझ्या खोलीत, कपडे घरातले, आणि नियम कुणाचा? तर मोबाइलमधल्या कुठल्याशा बाईचा! तुम्हाला सांगतो, आमची धाकटी रविवारी सकाळी आली ती रिकाम्या पिशव्या घेऊनच. चहा नाही, पाणी नाही. म्हणाली, बाबा, मी व्हिडिओ बघितलाय, नियम एकच. वर्षभर अंगाला लागलं नाही ना? मग बाहेर!

आता त्या कपाटाचं ऐका. पाच खण. वरचे चार आमच्या हिचे, खालचा एक माझा, आणि त्यातही अर्ध्यात पाहुण्यांच्या उशा. संसारभर एक खण जास्त मागत आलो, भांडलो, अबोला धरला, पण ही ढिम्म. वर मलाच ऐकवायची, "तुमच्याकडे ठेवायला आहे काय? चार शर्ट आणि एक तोंड." ती गेली त्याला वर्ष उलटलं. तेव्हापासून वरच्या खणांना मी हात लावला नाही, नुसतं दार उघडायचं, जरा उभं राहायचं, आणि लावून टाकायचं... असो.

तर धाकटीने सुरुवात माझ्यापासून केली. लग्नातला कोट, बाहेर. मी म्हटलं, अगं, पोट उतरलं की होईल. तर म्हणते, वर्षभरात उतरलं का? गेला कोट पिशवीत. मग ती वरच्या खणांकडे वळली. हिचे कपडे वर्षभर लागणार होते कुणाच्या अंगाला हो? धाकटीही काही दगड नाही, मध्येच डोळे पुसत होती, पण हात थांबेनात, आईवरच गेलीय. घडी, पिशवी, घडी, पिशवी... आणि आला तो राखाडी स्वेटर. हिने स्वतः विणलेला, कोपरांवर विरलेला, दवाखान्यात शेवटपर्यंत अंगावर असलेला. वर्षभर अंगाला लागला नाही ना? मग बाहेर!

तेवढ्यात तिचा फोन वाजला म्हणून ती बाहेरच्या खोलीत गेली, आणि मला काय सुचलं कोण जाणे, पिशवीतून तो उपसला आणि चढवला! ऐन उन्हाळ्यात! बाह्या कोपरापर्यंत, पोटावर एक बटण लागेल तर शपथ, आणि काखेत काहीतरी टर्रकन उसवलं. बघतो तर धाकटी दारात.

मी म्हटलं, "लागला अंगाला. आता राहू दे."

ती पुढे आली, जोर लावून गळ्याजवळचं एक बटण लावलं, आणि मग ते काही केल्या निघेना, तेव्हा आम्ही दोघं हसलो की रडलो, मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी पिशव्या घेऊन निघताना म्हणाली, बाबा, आता सगळं कपाट तुमचं, ठेवा ऐसपैस. ऐसपैस! चार खण मोकळे, त्यातल्या एकात एकटा स्वेटर, आणि माझे कपडे? तिथेच, खाली, उशांना खेटून कोंबलेले. एक शर्ट वर ठेवून बघितला हो... पण घेतला परत खाली. न विचारता कसा ठेवायचा? आणि विचारायचं कुणाला?