आधी एकदा, नंतर एकदा

अहो, कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, सगळं! ...म्हणजे चालू करता येतो. बंद करायला सून लागते. आणि ती बया कालपासून माझ्याशी बोलत नाहीये. का? तर म्हणे मी तिच्या कामाची वाट लावली! ज्यानं जन्मात कामाला हात लावला नाही, तो कामाची वाट कशी लावणार, सांगा बघू?

तुम्हाला सांगतो, जेवणाचं टेबल या बाईनं बळकावलं होतं. ताटाच्या जागी हिरवी पट्टी, तिला तारा, आणि पट्टीवर मुंगीएवढं एक घड्याळ. काटे नाहीत, टिकटिक नाही, तरी घड्याळ! मी म्हटलं, "करतेस काय?" तर मान वर न करता, शाळेतल्या बाईंच्या सुरात, "बाबा, कॉम्प्युटर या घड्याळाला तारेवरून वेळ विचारतो, एकेक तुकडा पाठवून. मध्येच त्याला दुसरं काम लागलं की उत्तर शिळं होतं. म्हणून नेमका वेळ विचारणारा तुकडा तारेवर जाताना कॉम्प्युटरची स्वतःची वेळ टिपायची. आधी एकदा, नंतर एकदा. ते माझा ड्रायव्हर करतो, मी लिहिलेला प्रोग्रॅम." गाडी नाही, भोंगा नाही, आणि ड्रायव्हर! वेळ विचारायला एवढा थाट? मला कधी विचारलंय हिनं, आधी एकदा, नंतर एकदा, की बाबा, चहा हवा का?

"आणि हात लावू नका," वर हे! "दिवसभर चाचणी चालायला हवी. संध्याकाळी साहेब आकडे बघायला येणारेत. वेळेनं कुठे उडी मारलेली दिसली, तर काम दुसऱ्याला देतील." आता मला 'हात लावू नका' म्हणायचं म्हणजे... तुम्हीच सांगा, माणसानं करावं काय?

ती दारात पार्सल घ्यायला गेली आणि मी बसलो खुर्चीत. पासवर्ड? टाइप करताना मोठ्यानं पुटपुटते, शहाणी! पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ केलं तासभर पुढे. म्हटलं, येईल, दचकेल, 'अगंबाई, साहेब आले' करत धावेल, जरा गंमत! कसली गंमत... आली, पडद्याकडे पाहिलं आणि पार्सल तिथंच टाकून आकडे तपासायला लागली. दोन घड्याळांचा सुरळीत चाललेला संसार मोडला होता म्हणे! मी लगेच, मोठ्या मनानं, तिच्या देखत वेळ होती तशी मागे आणली. तर किंचाळली, "बाबा! आता दोन उड्या झाल्या!"

आधी एकदा, नंतर एकदा!

साहेब आले. आकडे पाहिले. ही म्हणाली, "सर, माझ्या सासऱ्यांनी घड्याळ फिरवलं." साहेब कसे, नाकातून बोलल्यासारखे, "मॅडम, कारण मात्र नवीन आहे हं," आणि गेले की! काम गेलं दुसऱ्याकडे. ही बसली टेबलाशी. एकेक तार उपटतेय. ते मला बघवेना हो! म्हटलं, "अगं, पण मी घड्याळ लगेच मागे फिरवलं ना? मग एवढं बिघडलं काय?"

हातातली तार टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, घड्याळ मागे फिरवून बिघडलेलं जुळत असतं ना, तर मी माझ्या लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत फिरवलं असतं."