कशी आहेस?

मधुमेहाच्या दवाखान्यात एका अनोळखी आजींच्या शेजारी बसलेल्या मायलेकींची कुजबुज काही थांबेना. लेक जेमतेम दहावीतली.

"समुपदेशक बाई मनाचं विचारतील. सगळं छान आहे म्हण."

"आई, आत मी एकटी जाणारेय."

"एकटी? रात्री उठून तुझी साखर कोण बघतं गं?"

"तूच. म्हणून तर."

"म्हणजे?"

"काही नाही."

दार उघडून समुपदेशक बाईंनी हाक मारली. "ये. कशी आहेस?"

"एकशे ऐंशी."

"साखर नाही गं. तू कशी आहेस?"

लेकीने आईकडे पाहिलं.

"मजेत असते हो!" आई घाईने म्हणाली.

"आई, मला बोलू दे ना! तू इथेच बस."

दार लागलं. आई बसली, उठली, पुन्हा बसली. आजींनी पाण्याची बाटली पुढे केली.

"तुम्ही कशा आहात, बाई?"

"सकाळी तिची एकशे वीस होती हो," आई म्हणाली.