उलटा चिरूट

—नको, बोलू नकोस, नेरेइदा, नुसती बस. दुखतंय ते दिसतंय मला. गेल्या रविवारीही माझ्या खाणावळीत पैसे मोजून घेतलेला मासा नुसता चिवडून ठेवलास—लिंबू झोंबलं ना? झोंबणारच. नदीवर धुणं धुताना आपण सगळ्याच उलटा चिरूट ओढतो, जळतं टोक तोंडात—पाण्यानं विझत नाही, हात मोकळे राहतात, आपल्या आयाही तशाच ओढायच्या—आणि मग टाळूला पांढरा चट्टा पडतो, त्यात लाल ठिपका. मान काय हलवतेस? मी भोगलंय ते. आणि मी भोगत होते तेव्हा तू कुठं होतीस गं? माझ्या नवऱ्याच्या कुशीत! डॉक्टरीणबाई सांगतेय—कॅन्सर आहे, पण वेळेवर आलात, लहान आहे, मानेत गाठ नाही, इतक्या लवकर कापला की बहुतेक जणी बऱ्या होतात—आणि आमचा एवारिस्तो बाहेर शवपेटीच्या फळ्या निवडतोय! माझा पिवळा झगा तुला नेऊन दिला—तोच ना हा? काखेत उसवलाय बघ. पण मी मेले का? चट्टा कापला, काही दिवस नुसती पेज प्यायले, किरणांचा शेकसुद्धा द्यावा लागला नाही, चिरूट सोडला, अजून तपासायला जाते—आणि त्या फळ्यांचं हे टेबल केलं. कोपर टेकलंयस ना, ती माझी शवपेटी.

हसू नकोस, दुखेल. तुझं मला कधीच कळलं होतं. हो, कधीच! तू डाव्या बाजूनं चावायला लागलीस तेव्हाच. गप्प बसले. म्हटलं, सडू दे मेलीला. रोज म्हटलं, तळता तळता म्हटलं, देवळातसुद्धा म्हटलं—आणि काल तो आला. एवारिस्तो. इथंच उभा राहून म्हणतो, उबाल्दिना, ती काही खात नाही गं, मला परत घरात घेशील का? सुताराकडूनच आला होता, नेरेइदा. अंगाला भुसा होता.

आ कर. आणखी. हं. मान इकडे—गाठ काही हाताला लागत नाही. अजून वेळ आहे. असायलाच हवा. उद्या पहिल्या होडीनं शहरात जायचं, मी येते बरोबर, नाही म्हणायचं नाही. वाचायचं तुला. तू मेलीस तर ते लोढणं परत माझ्या गळ्यात! त्याचं घोरणं, त्याचे घामट पाय, दारू प्यायल्यावर आईच्या नावानं गळा काढणं—सगळं तुझं, पार म्हातारी होईपर्यंत तुझं. मरून सुटतेस होय? मी सुटू देणार नाही.

तो चिरूट टाक चुलीत. ऊठ आता. रडायचं असेल तर घरी जाऊन रड—नीघ, माझा मासा करपतोय.