एक्क्यांची जोडी आणि दुसरी शिडी

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे केंद्रप्रमुख दादा, वहिनी, आणि अग्निशमन केंद्रातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

माझ्याआधी चौघे बोलले आणि चौघांनीही दादांना 'संयमी' म्हटलं. अहो, कसला डोंबलाचा संयम! अकरा वर्षं यांचा उपप्रमुख आहे मी, आणि अकरा वर्षं जेवणाच्या सुट्टीत यांच्याशी पोकर खेळलोय. (पैसे लावून नाही हो साहेब, दचकू नका. नट आणि वायसर लावून.)

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांना सांगतो. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग टेबलावर तीन पानं उघडतात, त्याला फ्लॉप म्हणतात. हातात एक्क्यांची जोडी आली, तर शहाण्याने काय करावं? ती तीन पानं उघडायच्या आत बोली चढवावी. फालतू पानंवाले तिथेच गळतात. आणि आमचे दादा? मिशीतल्या मिशीत हसत नुसती बरोबरी करायचे. "येऊ दे रे सगळ्यांना आत, मग दाखवतो!" एकदा असेच पाच जण स्वस्तात आत आले. दुर्री-सत्ती घेऊन बसलेल्या आमच्या ढोल्याच्या दोन जोड्या जुळल्या आणि दादांचे एक्के मातीत गेले. आम्ही पोट धरधरून हसलो.

वायसरच गेले होते, म्हणून हसलो. पण गेल्या वर्षी वर्कशॉपचा अहवाल आला: आपल्या दोन शिड्यांपैकी पहिल्या शिडीच्या सांध्याला तडा. याहून भक्कम पान असतं का? त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर आपटायचं ना! दादांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. म्हणे, "वार्षिक तपासणीला सगळ्यांदेखत काढतो. बघ कशी जिरवतो वरच्या एकेका साहेबाची." तपासणीला तीन आठवडे होते. अठराव्या दिवशी शिडी मोडली. वर ढोल्या होता.

तो बघा, पहिल्या रांगेत काठी घेऊन बसलाय. संयमी म्हणे!

अध्यक्ष महोदय, दुसऱ्या शिडीचा अहवाल आज सकाळी माझ्या हातात पडला. तोच सांधा, तसाच तडा. हा घ्या, चहाच्या आधीच देतोय. उद्याच्या कवायतीला ती शिडी बाहेर निघणार नाही. माझ्यावर कारवाई करायची तर खुशाल करा. दादांना आत्ताच भेट दिलेलं पेन तिथेच आहे, 'मिळाला' म्हणून सही करा. मी थांबतो.

आभारी आहे. दादा, तुम्ही मला आग विझवायला शिकवलंत, ते मी विसरणार नाही. वहिनी, शुभदिनी जीभ सैल सुटली, पोटात घाला.

आणि ढोल्या, तुला एक सांगायचं राहिलंय. दादांनी तो अहवाल ड्रॉवरमध्ये टाकला तेव्हा मी समोरच बसलो होतो. पानं पिसत होतो. "जिरवा दादा," म्हणालो आणि हसलो. बाकी सभेने माफ केलं नाही तरी चालेल. तू जमलं तर कर.