राब भाजला मी, बोल लागला दादाला

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी खालच्या पाड्यावरची वनिता. बाळूदादाच्या शोकसभेला, त्याच्या फोटोसमोर उभी आहे. आज खरं बोलले नाय, तर घास उतरायचा नाय.

जिवाणू खताच्या पुड्या आपल्या गावात आणल्या त्या दादानं. शहापूरहून आणायचा, ऊन लागू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून. शेणखतात कालवा, भाजीला घाला, असं दारोदार सांगत फिरायचा. आमी हसायचो. मी जरा जास्तच.

आणि मग धसईच्या बाजारात मी त्याच्यावर ओरडले. आठवतं ना तुमाला? तुझ्या पुडीवर भरवसा ठेवून दुसरं खत टाकलं नाय, नि माझी वांगी गोटीएवढी राहिली, असं सगळ्यांदेखत बोलले. त्या वर्षी त्याच्याकडनं कुणी पुडी घेतली नाय. कुणीच नाय.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दादा माझ्या शेतावर आला. रोपं कुठं केली होतीस, विचारलं. खुरप्यानं तो वाफा उकरला, तर खाली राख नि कोळसा. मी पुडी शेणखतात कालवून पसरली होती, आणि पेरायच्या आधी वर पालापाचोळा पेटवून वाफ्याचा राब भाजला होता. आई भाताला भाजायची, तसाच.

दादा खाली बसला. म्हणाला, "बाय, यात जीव असतो गो. तू तो भाजलास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाला सांगू नको, म्हटलं. नाय सांगत, म्हणाला.

वर स्वतःच येऊन त्यानं सावलीत शेणखताचा ढीग लावला, नवी पुडी कालवली, ओलं गोणपाट झाकलं. पुढच्या हंगामात माझी वांगी बघायला तुमीच आलात. काय टाकलंस, विचारलंत. मी काय म्हणाले? शेणखत. दादा तिथंच बांधावर उभा होता. त्याचं नाव घेतलं असतं, तर माझी चूक उघडी पडली असती. तो नुसता हसला.

दादा, पुडी चांगली होती. चूक माझी होती. हे बाजारात बोलायला हवं होतं, आज इथं बोलतेय. माझ्या मळ्यात आज जे काय पिकतं, ते तुझ्यामुळं. तुझे लई उपकार आहेत रे.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं गप राहू. माझ्यासाठी तो मरेपर्यंत गप राहिला.